आरतीच्या यादीत आम्हा दोघांची नावं

मल्हार_के
पुण्यात सिंहगड रस्त्याला राहतो. वय 27, गे आहे. जोडीदार आणि मी एकाच भाड्याच्या फ्लॅटमध्ये, वर्गणी दोघांच्या नावाने. आमच्या सोसायटीच्या गणपतीला रोजच्या आरतीचा मान एकेका जोडप्याला असतो. बोर्डावर यादी लागली, तेव्हा रिकाम्या रकान्यातलं 'सौ.' खोडून आमची नावं लिहिली. दुसऱ्या दिवशी यादी नव्याने छापून आली, आम्ही गायब. सेक्रेटरी म्हणाले, "बॅचलर मुलांनी मिरवणुकीत ढोल वाजवावा की!" मी नावं परत लिहिणार आहे. काय वाटतं?

पेठकर
स्पष्ट बोलतो, राग नसावा. घरात काय करता याच्याशी मला कर्तव्य नाही. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 पण गेलं आता. पण गणपतीचा मांडव ही आंदोलनाची जागा नाही. लहान मुलं असतात तिथे.

मल्हार_के
काका, त्याच मुलांसमोर गेल्या वर्षी नव्या जोडप्याला उखाणे घ्यायला लावले, एकमेकांना मोदक भरवायला लावले. ते कुणाला आंदोलन वाटलं नाही.

कलम_कसाई
'377 गेलं' एवढ्याने भागत नाही. 6 सप्टेंबर 2018 च्या निकालाने सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे संबंध गुन्हा राहिले नाहीत, एवढंच. 17 ऑक्टोबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. म्हणजे कायद्याच्या लेखी तुम्ही जोडपं नाही. पण ऑगस्ट 2024 मध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं, की अशा जोडीदारांना संयुक्त बँक खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही. पासबुकावर दोन नावं चालतात आणि आरतीच्या ताटाला विवाह नोंदणीचा दाखला हवा? बाकीच्यांचे तपासलेत का?

जुना_गडी
मी 58 वर्षांचा. मलाही पुरुषच आवडतात, तरी मी मल्हारच्या विरोधात. 1990 ला मुंबईत 'बॉम्बे दोस्त' हे आपल्यासारख्यांचं नियतकालिक निघालं, ते आम्ही पेपरात गुंडाळून घरी आणायचो. लपलो म्हणून टिकलो. बाळा, तुझा करार अकरा महिन्यांचा. घरमालकाला कुणीतरी एक फोन केला की पुढचा करार होत नाही. मी लग्न केलं, दर श्रावणात सत्यनारायणाला जोडीने बसतो. कुणाचं काही बिघडलं नाही.

उमा_गोडबोले_नाही
दादा, वहिनींना विचारलंत का, बिघडलं की नाही ते? घराची भीती खरी आहे, ती मान्य. पण तुमच्या टिकण्याचा खर्च कुणी उचलला, तेही लिहा की.
मल्हार, माझे यजमान गेल्यापासून आमच्याही सोसायटीच्या यादीत माझा फ्लॅट नसतो. कुणी मुद्दाम काढला नाही, जोडपं नाही म्हणून आपोआप गळला. मे 2022 मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, सरकारने इतर गावांना तो कित्ता गिरवायला सांगितलं. गावाला जमतं आणि आम्हा शहाण्यांना आरतीची यादी बदलता येत नाही! मान फ्लॅटवार द्या म्हणावं.

पेठकर
उमाताईंचं पटलं. फ्लॅटवार करा. म्हणजे कोण कुणाचं कोण, हा प्रश्नच मिटला.

मल्हार_के
तुमचा मिटला. उमाताईंसाठी फ्लॅटवार यादीच्या अर्जावर पहिली सही माझी. पण त्या दिवशी ताट आम्ही दोघं धरणार, आणि कुणी विचारलं तर 'रूममेट' म्हणणार नाही. बाकीच्या घरांतली नवरा-बायको म्हणून ओळखली जातात आणि आम्ही फक्त फ्लॅट नंबर, हे नको.

पेठकर
म्हणजे आरती नको, मान्यता हवी.

मल्हार_के
दोन्ही हवंय. तुम्हाला दोन्ही न मागता मिळालं.

जुना_गडी
उमाताईंना उत्तर इथे देणार नाही. मल्हार, नावं लिहायची तर लिही, पण आधी तुझ्या घरमालकिणीला स्वतः सांग. दुसऱ्याकडून कळलं तर जास्त भडकेल.

कलम_कसाई
आणि भाडेकरूला सर्वसाधारण सभेत मत नसतं, तेव्हा विषय एखाद्या सभासदाकरवी लेखी द्या. नुसतं बोर्डावर खोडलंत तर परत छापतील.

मल्हार_के
दुसऱ्या मजल्यावरच्या आजी सभासद आहेत, त्याही एकट्याच. आज संध्याकाळी त्यांच्याकडे जातो.