पॅनिक अटॅकसाठी पुण्यात कोणाकडे जावं? थेरपीचा अनुभव हवा आहे

मोगरा_बिबवेवाडी:
ऑफिस पिंपरीला. स्वारगेटहून मेट्रो सोयीची, पण हल्ली गाडी भुयारात असतानाच एकदम छाती धडधडायला लागते, हाताला मुंग्या येतात, आता इथेच कोसळणार असं वाटतं. परवा मंडईलाच उतरले आणि घाम पुसत रिक्षा शोधली. ईसीजी, थायरॉइड नॉर्मल. फॅमिली डॉक्टर म्हणाले पॅनिक अटॅक आहे, काउन्सेलिंग घ्या. कोणाकडे, ते नाही सांगितलं. सासूबाईंच्या मते 'पित्त झालंय, कोकम घे'. मानसोपचारतज्ज्ञ की काउन्सेलर? गोळ्या घ्याव्याच लागतात का?

नदीकाठचा:
ताई, नावापेक्षा काय विचारायचं ते सांगतो. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमडी किंवा डीपीएम डॉक्टर, ते गोळ्या देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट थेरपी करतात, त्यांची आरसीआयकडे (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी असते. 'काउन्सेलर' ही पाटी मात्र कोणीही लावतं. फोनवर सरळ विचारा: पॅनिकसाठी सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी) करता का? एक्स्पोजर (भीती वाटते त्याला हळूहळू सामोरं जाणं) करून घेता का? गुळमुळीत उत्तर आलं तर पुढचा नंबर फिरवा.

योगप्रेमी:
इतकं कशाला? रोज अनुलोम-विलोम करा, सगळं बंद होईल.

कोथरूडची_अनू:
योगप्रेमी, प्राणायामाला नावं ठेवत नाही, मीही करते. पण अटॅक आला की श्वास मोजत बसायचं आणि 'थांबला का, थांबला का' बघायचं, याने माझी भीती वाढायची.

मोगरा, माझ्या थेरपिस्टने आधी कागदावर चक्र काढून दाखवलं. धडधड होते, मेंदू म्हणतो 'हार्ट अटॅक', त्या भीतीने अॅड्रेनॅलिन वाढतं, धडधड अजून वाढते. श्वास जोरात घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मुंग्या आणि चक्कर त्यानेच. अटॅक साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग ओसरतो. पण आपण त्याआधीच पळ काढतो, म्हणून तो ओसरलेला कधी दिसतच नाही.

मग मुद्दाम तीच लक्षणं आणायची. फिरत्या खुर्चीत गरगर फिरायचं, नाक दाबून बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायचा, जिने चढायचे. स्ट्रॉच्या वेळी मी तिला चक्क शिव्या घातल्या, तिने त्याही वहीत 'भीती दहापैकी आठ' म्हणून लिहून घेतल्या. पुढच्या वेळी आकडा उतरला. (हे घरी एकटीने सुरू करू नका, दमा, हृदयविकार, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर आधी सांगा.) तुमच्या बाबतीत बहुधा आधी फलाटावर थांबणं, मग एकच स्टेशन, मग शिवाजीनगरपर्यंत असं चढत जातील. मंडईला उतरून जाणं मात्र हळूहळू सोडावं लागेल. त्याने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, म्हणूनच भीती टिकते.

नदीकाठचा:
अनूला अनुमोदन. खर्चाचं बघायचं असेल तर ससूनमध्ये मनोविकार विभागाची ओपीडी आहे. गर्दी असते, वेळ काढून जा. टेली-मानस १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. ती थेरपी नव्हे, पण कुठे जायचं हे तिथेही विचारता येईल.

मोगरा_बिबवेवाडी:
अनू, ते चक्र वाचून पहिल्यांदा कोणीतरी माझ्याबद्दल बोलतंय असं वाटलं. गोळ्यांचं राहिलं. सवय लागते म्हणतात.

कोथरूडची_अनू:
दोन प्रकार आहेत. एसएसआरआय, म्हणजे नैराश्य आणि चिंतेवर देतात त्या गोळ्या, रोज घ्यायच्या, परिणाम दिसायला काही आठवडे जातात. त्यांची नशेसारखी चटक लागत नाही, पण बंद करताना डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, हळूहळू. अटॅक आला की लगेच घ्यायच्या अल्प्राझोलॅमसारख्या, त्यांची मात्र सवय लागते. केमिस्ट ओळखीचा आहे म्हणून त्या आणू नका. पुष्कळांना नुसत्या थेरपीने जमतं. मला काही महिने दोन्ही लागलं. पहिल्या भेटीला ईसीजी, थायरॉइडचा रिपोर्ट आणि चालू औषधांची यादी न्या. दिवसाला चहा-कॉफी किती होते तेही विचारतील, खरं सांगा.