मदत हवी आहे: स्नेहभोजनात निधी मागावा का?

नमस्कार मंडळी. आमच्या लायन्स क्लबला मोतीबिंदू शिबिरासाठी निधी उभा करायचाय. १९२५ साली अंध-बधिर लेखिका हेलन केलर यांनी आवाहन केल्यापासून लायन्स दृष्टीचं काम करतात, ते थांबवणं जिवावर येतं. दरवर्षी नाटकाचा प्रयोग लावतो, पण तिकिटांची पुस्तकं शेवटी सभासदांच्याच गळ्यात पडतात. स्मरणिकेच्या जाहिरातीही त्याच चार दुकानदारांच्या. स्नेहभोजनाला मात्र हॉल भरतो! तिथेच दिवाळी फराळाची आगाऊ नोंदणी घ्यावी असं मला वाटतं; काहींच्या मते जेवायला बोलावून पैसे मागणं बरं दिसत नाही. जेवणाचा खर्च वर्गणीतून आणि लोकांचा पैसा फक्त सेवेला, हा नियम पाळणारच. कुणी असं केलंय का? चकली-चिवड्याचा दर कसा ठरवला? घरी करून घेतलं की आचारी लावला?