अनुभव धागा : आपल्या वाचनालयाचा खर्च कोण उचलतो?

महाराष्ट्राच्या 1967च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमात ग्रंथालय उपकराची, म्हणजे ग्रंथालयांसाठी मूळ करावर घेतल्या जाणाऱ्या जादा कराची, तरतूद नाही. संस्थांनी चालवलेल्या वाचनालयांना राज्य शासन अ, ब, क, ड अशा वर्गानुसार अनुदान देते. या व्यवस्थेत स्थानिक स्वराज्य संस्थेचा वाटा प्रत्यक्षात किती असतो, हे सदस्यांनी स्वानुभवातून लिहावे.

ग्रंथपाल, सातारा जिल्हा
आमचे वाचनालय ड, म्हणजे सर्वांत खालच्या, वर्गातले आहे. 2022च्या वाढीनंतर आमचे वार्षिक अनुदान 30,000 वरून 48,000 रुपये झाले, आणि त्यातील निम्मी रक्कम वेतनासाठी धरली तर महिन्याला 2,000 रुपये पडतात. उरलेल्या निम्म्यात ग्रंथखरेदी, वर्तमानपत्रे, वीजबिल आणि लेखापरीक्षणाचे शुल्क बसवावे लागते. दुसरा हप्ता बहुधा मार्चअखेरीस जमा होतो. मग पुस्तके घाईने आणून, दाखल नोंदवहीत क्रमांक चढवून, शिक्के मारून बिले जोडायची. वाचकांनी वर्षभर मागितलेली पुस्तके त्या गडबडीत मिळतीलच असे नाही, आणि याचेच मला सर्वांत जास्त वाईट वाटते.

माजी ग्रामपंचायत सदस्य, सोलापूर जिल्हा
आम्ही समाजमंदिरातील एक खोली वाचनालयाला विनाभाडे दिली आणि विजेचे बिल ग्रामनिधीतून भरले. पुढील कार्यकारिणीने ते थांबवले, कारण तसे करण्याचे बंधन कोणावरही नव्हते.

वाचक, बेंगळूरू
कर्नाटकच्या 1965च्या कायद्याने मालमत्ता करावर सहा टक्के ग्रंथालय उपकर बसवला आहे. करपावतीवर तो वेगळा दिसतो, त्यामुळे वाचनालय बंद आढळले की विचारणा करण्याचा हक्क आपला आहे, असे मला ठामपणे वाटते. मात्र वसूल झालेला उपकर ग्रंथालय खात्याकडे वेळेवर पोहोचत नाही, हे इथल्या एका शाखेतील कर्मचाऱ्यांकडून मी अनेकदा ऐकले आहे. निव्वळ कायदा पुरेसा नाही.

निवृत्त शिक्षिका, कोल्हापूर
कोल्हापूर संस्थानाने 1945 मध्येच, म्हणजे स्वतंत्र भारतातला पहिला ग्रंथालय कायदा असलेल्या मद्रासच्या 1948च्या कायद्याच्याही आधी, ग्रंथालय कायदा केला होता, आणि करवीर नगर वाचन मंदिर तर 1850 पासूनचे. अशा जुन्या संस्थांना वर्गणीदार आणि देणगीदार मिळतात. माझी चिंता नव्या वसाहतींची आहे; तिथे महापालिका अभ्यासिका बांधते, पण स्पर्धा परीक्षेची मुले स्वतःचीच पुस्तके घेऊन येतात आणि घरी न्यायला कथा-कादंबऱ्यांचे एक कपाटही नसते. आमच्या प्रभागात असे कपाट मागणारा अर्ज आम्ही नगरसेवकांकडे दिला आहे आणि अंदाजपत्रकात त्यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष (खर्चाची वेगळी नोंद) धरावे, अशी मागणी केली आहे.