मदत हवी आहे: स्टुडिओ फ्लॅट, आज रात्रीपर्यंत टोकन द्यायचं आहे

मृण्मयी_०९
नमस्कार. इंदूरला एक स्टुडिओ फ्लॅट पाहिलाय. भाडं साडेनऊ हजार, डिपॉझिट दोन महिन्यांचं. ब्रोकर म्हणतोय रात्री नऊपर्यंत पाच हजार टोकन द्या, उद्या दुसरी पार्टी येतेय. घेऊ की नको? प्लीज लवकर सांगा, सोमवारी जॉइन व्हायचंय.

रामबागकर
कुठे पाहिलास ते तर लिही! राऊला की निपानियाला? ऑफिस कुठे? एकटी राहणार का?

जुनी_इंदूरकर
आधी पाण्याचं विचार गं. नर्मदेचं येतं की नुसतं बोरिंग? नर्मदाकाठच्या जलूदहून नर्मदेचं पाणी १९७८ साली शहरात आलं, पण बाहेरच्या कितीतरी कॉलन्या अजून बोरिंगवरच आहेत. माझ्या भाचीनं फेब्रुवारीत खोली घेतली, तेव्हा धो धो पाणी. मे महिन्यात बोरिंग आटलं. चौथ्या मजल्यावर बादल्या चढवल्या पोरीनं, वर टँकरचे पैसे वेगळे.

मृण्मयी_०९
निपानिया. एकटीच. नळ सोडून पाहिला, पाणी येत होतं. एसी, कपाट, बेड सगळं आहे. भाडं बरोबर आहे का एवढंच सांगा ना.

गृहकर्ज_सल्ला
भाड्यात पैसे घालवू नका. बायपासला वन बीएचके बुक करा, हप्ता थोडाच जास्त बसेल.

रामबागकर
अहो, तिनं विकत घ्यायचं विचारलंच नाही.

तारतंत्री
एसी आहे म्हणता, मग मीटर कुणाचं? आपल्याकडे मध्य प्रदेशात घरगुती वापर महिन्याला १५० युनिटच्या आत राहिला तर पहिल्या १०० युनिटचं बिल १०० रुपये येतं. पण बिल्डिंगला एकच मीटर आणि खोल्यांना सब-मीटर असेल तर ती सवलत तुमच्यापर्यंत येतच नाही. मालक ठरवेल तो दर.

रामबागकर
एसी लावल्यावर दीडशेत कोण राहतं?

तारतंत्री
नोव्हेंबर ते फेब्रुवारी एसी लावतं कोण? चार महिने सवलत मिळते, ती का सोडायची?

वकील_काका
करार ११ महिन्यांचा देतील. १९०८ च्या नोंदणी कायद्यानं एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून ही पद्धत. त्यात नोटीस किती दिवसांची, डिपॉझिट किती दिवसांत परत, रंगाचे पैसे कापणार का, हे लिहून घ्या. तोंडी काही मानू नका. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती दिल्याची प्रतही मागा.

रामबागकर
आमच्या रामबागेत पूर्वी वाड्यात खोली मिळायची. कुणाची कोण एवढं सांगितलं की डिपॉझिट विचारत नसत.

जुनी_इंदूरकर
आणि संडास अंगणापलीकडे. ते नाही सांगितलंत. एकट्या मुलीला आत बाथरूम असलेलीच खोली हवी. मृण्मयी, ऑफिस कुठे ते अजून सांगितलं नाहीस.

मृण्मयी_०९
सुपर कॉरिडॉर.

रामबागकर
अगं मग निपानिया कशाला? शहराचं एक टोक ते, एक हे. रोज सगळं शहर ओलांडून जाणार? रात्रीची शिफ्ट असली तर परत कशी येशील?

मृण्मयी_०९
कॉलेजची मैत्रीण तिकडे राहते म्हणून पाहिलं होतं. आत्ता परत जाऊन आले. दिवसा नीट पाहिलंच नव्हतं. नळाच्या तोंडाशी क्षारांचा पांढरा थर, नखानं निघाला नाही. जिन्याखाली एका फळीवर सात छोटे मीटर, खोल्यांचे नंबर खडूनं लिहिलेले. युनिटला बारा रुपये. समोरच्या खोलीतली मुलगी म्हणाली, मे महिन्यात टँकरचे पाचशे प्रत्येकी घेतले. करारात पाण्याचं लिहाल का विचारलं, तर ब्रोकरनं फोनच ठेवला. टोकन दिलं नाही. पण काकू, सोमवार तर येऊन ठेपला. कॉरिडॉरच्या बाजूला कुणाच्या माहितीत काही आहे का?

जुनी_इंदूरकर
बरं केलंस. कॉरिडॉरजवळच गांधीनगरला माझी नणंद राहते, वरची खोली दिवाळीपासून रिकामी आहे. एसी नाही, कूलर आहे. सकाळी विचारते तिला. सामान किती आहे आणि गाडी आहे का तुझ्याकडे, ते आत्ताच लिही.