अनुभव धागा : रात्रीची प्रार्थना, तुमच्या घरी नेमकं काय होतं?

मंडळी, सलाम.

रविवारच्या उपासनेबद्दल आपण भरपूर बोलतो, पण झोपण्याआधीच्या दहा मिनिटांबद्दल कुणी बोलत नाही. अमेरिकन मिशनरी वाइल्डर साहेब १८५२ साली कोल्हापुरात आले. त्यांच्या मिशनच्या वळणातली आमची घरं. जेवणं उरकली की चटई, शास्त्र म्हणजे बायबल, एखादं गीत, शेवटी प्रभूची प्रार्थना, असा कौटुंबिक प्रार्थनेचा क्रम ठरलेला. आता घरात चौघांच्या जेवायच्या वेळा चार.

मी सध्या एका कॅथलिक मित्राची रीत उचलली आहे. मूळची ती कॅथलिक संत इग्नेशियस लोयोलांची, १५४८ साली छापलेल्या त्यांच्या साधनेच्या पुस्तकातली. आधी आभार मानायचे, मग नीट दिसावं म्हणून प्रकाश मागायचा, मग उठल्यापासूनचा दिवस तासातासाने पाहायचा, क्षमा मागायची आणि उद्याचा निश्चय करायचा. ‘दिवस बरा गेला, धन्यवाद’ एवढ्यावर मी स्वतःला सोडत नाही. परवा आभारात काय आलं, तर गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार काढून समोर आलेला फेसाळ ग्लास, आणि सोबत बऱ्याच महिन्यांनी भेटलेला भाऊ.

उपदेश नको. घडतं तेवढंच लिहा.

रात्रपाळी
मी परिचारिका आहे, त्यामुळे माझा ‘दिवस’ सकाळी आठला संपतो. चार्ज दिला की केएमटीच्या बसमध्ये खिडकीशी बसते आणि वॉर्ड डोळ्यांपुढे आणते, खाटेच्या क्रमाने. पाच नंबरच्या आजी रात्रभर सलाइनची सुई उपटत होत्या, सोबतीला कुणी नाही. त्या हात धरू देत नव्हत्या, पण पदराचं टोक माझ्या बोटाला गुंडाळून झोपल्या. हे देवाला सांगते. त्याला माहीत असतंच, तरी सांगते. एखादी खाट रात्रीतून रिकामी झाली असेल तर बाकीचं काही नाही, फक्त शिमोनाचं गीत, ‘आता तू आपल्या दासाला शांतीने जाऊ दे’ असं म्हणणारं, लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातलं. चर्चच्या रात्रप्रार्थनेत ते शतकानुशतकं म्हणतात. मी उन्हात म्हणते, एवढाच फरक.

शिरोलीकर
मी फौंड्रीत हाय. भट्टीसमोर आठ तास उभं राहिल्यावर पाच पायऱ्या काय चढवत न्हाईत बघा. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ सुरू करतो आणि ‘रोजची भाकर’पर्यंत डोळा लागतोय. मंडळीतल्या एका म्हाताऱ्याला इचारलं, हे चालतंय का? म्हणाला, “लेकरू बापाच्या मांडीवर झोपलं तर बाप हाकलून देतोय व्हय रं?” तवापास्नं काळजी सोडली. एक मात्र पाळतो. बायकोशी कडाक्याचं झालं असलं तर आधी तिच्याशी बोलायचं, मग प्रार्थना. सूर्य मावळंपर्यंत राग ठेवू नका असं पौलानं इफिसकरांना लिहिलंय. माझी पाळी सुटंस्तवर सूर्य कवाच मावळलेला असतोय, पण तेवढी सवलत चालंल.

माहेर पंढरपूरचं
माहेरी संध्याकाळी हरिपाठ. इथे सासूबाई नारायण वामन टिळकांची भजनं म्हणतात, टाळ घेऊन, अभंगाच्याच चालीत. पहिल्या रात्री माझे हात आपोआप ठेका धरू लागले, सासूबाईंनी न बोलता दुसरा टाळ पुढे सरकवला. शास्त्रवाचन मला अजून परकं वाटतं, भजन नाही. खरं ते लिहिलं.

गप्प बसणारा
थोडा विरोधी सूर लावतो. दिवस तपासण्याची ही रीत मी धरली आणि पार खचलो. रोज रात्री चुकांची खतावणी. कुणाला काय बोललो, कुणाचा फोन टाळला, सगळं मांडून बसायचं आणि मग झोप नाही. शेवटी आमच्या पाळकांनी काही दिवस क्षमेचा भाग बंदच करायला सांगितलं, फक्त आभार. सुरुवातीला मला ते पळवाटेसारखं वाटलं. आता एक स्तोत्र मोठ्याने वाचतो, बहुतेक चौथं, आणि दिवा बंद. ज्यांचा स्वभाव मुळात स्वतःला टोचणारा आहे त्यांनी जपून.

*(धागाकर्ता : पटलं. इग्नेशियसनेही आभार पहिले ठेवलेत आणि आपण थेट चौथ्या पायरीवर उडी मारतो.)*

पंचगंगेकाठची
२०१९ च्या ऑगस्टमधला महापूर. घरात पाणी शिरलं, आम्ही एका शाळेच्या वर्गात. वीज नाही, मोबाइल पुरवून वापरायचे, त्यामुळे शास्त्र उघडणं शक्यच नव्हतं. आजीने एक्क्याण्णवावं स्तोत्र तोंडपाठ सुरू केलं आणि मधल्या दोन ओळी गाळल्या. धाकट्याने लगेच टोकलं. ती म्हणाली, “तूच म्हण मग.” त्याने म्हटलं, तोही अडकला, मग आई. असं तिघांत मिळून स्तोत्र पुरं झालं. शेजारच्या सतरंजीवरच्या काकू दुसऱ्या रात्री म्हणाल्या, “ते कालचं म्हणा की, पोरं लवकर झोपली.” पूर ओसरल्यावर घरी आलो, तेव्हापासून आमच्याकडे स्तोत्र पाठच म्हणतात. चुकलं की टोकायचा हक्क सगळ्यांना, पाहुण्यांनासुद्धा.

*(धागाकर्ता : वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांनीही लिहा. खोलीत इतर तिघं मोबाइलवर क्रिकेट बघत असताना तुम्ही हे कसं जमवता? माझ्या मुलीला पुढच्या महिन्यात पुण्याला जायचंय, तिला हवंय.)*