टेकू मधोमध नसला की हिशेब का चुकतो?

सहावीची आई
लेकीला सहावीत साधी यंत्रे आहेत. काल खिडकीच्या गजाला लाकडी मीटरपट्टी ५० सेमीच्या खुणेवर दोरीने टांगली. दोरीच्या डावीकडे २० सेमीवर ५० ग्रॅमचं वजन, उजवीकडे १० सेमीवर १०० ग्रॅमचं. पट्टी अगदी आडवी राहिली, लेक खूश. मग तिनेच दोरी ४० वर सरकवली, अंतरं तीच ठेवली, तर उजवी बाजू धाडकन खाली! ‘बल × बलभुजा = भार × भारभुजा’ (भुजा म्हणजे टेकूपासूनचं अंतर; इथे टेकू म्हणजे दोरी) मग खोटं का, असं विचारतेय. मला सांगता येईना.

निवृत्त मास्तर
ताई, वजनं काढून नुसती पट्टी ४० वर टांगा. तरी उजवीकडेच कलेल. पट्टीलाही वजन आहे, आणि ती एकसारखी असेल तर ते सगळं ५० च्या खुणेवर आहे असं धरायचं. दोरी तिथेच होती तोवर त्याचं अंतर शून्य, म्हणून ते हिशेबात आलं नाही. आता ते १० सेमी लांब गेलंय. तेवढं धरलं की सूत्र बरोबरच आहे.
आता फक्त ५० ग्रॅमचं वजन डावीकडे सरकवत पट्टी आडवी करा. समजा ते १६ च्या खुणेवर थांबलं, म्हणजे अंतर २४. मग ५० × २४ = १२००, भागिले १० म्हणजे पट्टी १२० ग्रॅम.

अकरावी सायन्स
सर, उजवीकडे पट्टीचा ६० सेमी भाग आहे. त्याचंच वजन का नाही धरायचं?

निवृत्त मास्तर
धर की, पण डावीकडचा ४० सेमी भागही धर. उजवा भाग ७२ ग्रॅम, त्याचा मध्य ३० सेमीवर: २१६०. डावा ४८ ग्रॅम, २० सेमीवर: ९६०. वजाबाकी १२००. तोच आकडा.

गवंडीकाम
पहारीने धोंडा उचकटताना हेच होतं. टेकू धोंड्याला खेटून ठेवला की पहारीचा लांब भाग आपल्या बाजूला येतो आणि तिचं वजनही आपल्याच कामी येतं. जोर मात्र पहारीला काटकोनात लावायचा, तिरका लावला की वाया जातो.

सहावीची आई
मास्तर, आभार! वजन १६ आणि १७ च्या मधोमध थांबलं, म्हणजे ११७.५ ग्रॅम. वाण्याच्या काट्यावर पट्टी ११८ भरली. आता ती खराटा टांगून त्याचा मध्य शोधतेय.