मदत हवी आहे: फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रची प्रेमाची कल्पना कोणत्या प्रसंगातून दाखवावी?

रत्नागिरीतील आमच्या छोट्या चित्रपट मंडळात महाविद्यालयीन मुलांसाठी अस्तित्ववाद (माणूस आपल्या निवडींतून स्वतःला घडवतो, हा विचार) आणि प्रेम या विषयावर सत्र घ्यायचे आहे. सार्त्रच्या ‘बीइंग अँड नथिंगनेस’ (१९४३) मधील इतरांशी येणाऱ्या संबंधांवरचे प्रकरण आणि फ्रेंच लेखिका-तत्त्वज्ञ सिमोन द बोव्हार यांच्या ‘द सेकंड सेक्स’ (१९४९) मधील प्रेमात पडलेल्या स्त्रीवरचे प्रकरण मी इंग्रजी अनुवादातून वाचले आहे; त्यामुळे प्रास्ताविक पुस्तके कृपया सुचवू नयेत.

सार्त्रच्या मते प्रेम करणाऱ्याला समोरच्या व्यक्तीचे नुसते शरीर नको असते, तिचे स्वातंत्र्य हवे असते, आणि तेही तिने आपणहून दिलेले. पण ताब्यात आलेले स्वातंत्र्य हे स्वातंत्र्यच उरत नाही. सत्रात दाखवायच्या, इटालियन दिग्दर्शक अंतोनिओनीच्या ‘लाव्हेंतुरा’ (१९६०) या चित्रपटात बेटावर नाहीशी झालेली आना सापडतच नाही, तिला शोधणारे सांद्रो आणि क्लाउदिया एकमेकांत गुंततात, आणि सांद्रोने फसवल्यानंतरही, बाकावर बसून रडणाऱ्या त्याच्या डोक्यावर क्लाउदिया जरा घुटमळून हात ठेवते. मुले याला ‘क्षमा’ म्हणून मोकळी होतील, अशी मला धास्ती वाटते.

वेळ दीड तासाचा आहे, मुलांना इंग्रजी उपशीर्षके भराभर वाचण्याची सवय नाही (शिवाय पावसाळ्यात विजेचा भरवसा नाही), त्यामुळे दोन-तीन प्रसंगच दाखवता येतील.

तो हात सार्त्रच्या अपयशी प्रेमाची खूण मानावा, की बोव्हार यांना अभिप्रेत असलेल्या, दोन स्वातंत्र्यांनी एकमेकांना मान्य करण्याची. आणि हा फरक मुलांना चटकन जाणवावा म्हणून त्याआधी याच चित्रपटातला कोणता प्रसंग दाखवावा?